हात जोडले, पण किती उंच?

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं आणि पावसात माती अशी चिकट की चप्पल वावरातच राहते. त्या मातीवरच पुढे शिकायचं म्हणून तो बँकॉकच्या कासेत्सात विद्यापीठात जातो. मुलगा कल्पनेतला आहे, पण वऱ्हाडात त्याचे सख्खे-चुलत भाऊ पुष्कळ सापडतील. निघताना आईने बजावलेलं असतं, "मोठ्यायले हात जोडजो, उलटून बोलू नोको."

तिथे पोचतो तर काय, सगळेच हात जोडताहेत. त्याला हायसं वाटतं. मग तो फाटकावरच्या रखवालदाराला, खानावळीत भात वाढणाऱ्या बाईंना, आपल्याहून लहान मुलांना आणि विभागप्रमुखांना, छातीशी हात धरून, एकाच मापाचा नमस्कार करत सुटतो. कुणी काही म्हणत नाही. सगळे हसतात. रात्री तो घरी फोन लावतो, "आई, इथं सगळं आपल्यासारखंच हाय."

दिवसभरात त्याच्या निदान चार चुका झालेल्या असतात. त्याला त्या महिनाभर कळणार नाहीत, कारण थायलंडमध्ये पाहुण्याची चूक त्याच्या तोंडावर सांगणं हीसुद्धा एक चूकच मानतात.

परदेशी शिकायला जाणं वऱ्हाडाला नवं नाही. ज्यांच्या नावाचं ते अकोल्याचं विद्यापीठ, ते डॉ. पंजाबराव देशमुख स्वतः परदेशी विद्यार्थीच होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली त्यांचा जन्म झाला. १९२० मध्ये ते विलायतेला गेले, एडिंबरोत शिकले, वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डचे डॉक्टर झाले आणि बॅरिस्टर होऊन परतले. पुढे १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. तुकडोजी महाराज १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. पण यांच्यातलं कुणीही परक्या मुलखाला आपला मुलुख समजलं असेल असं वाटत नाही. विलायतेत काटा-चमचा परका, टाय परका, हस्तांदोलन परकं. माणूस पहिल्या दिवसापासून इतरांकडे बघून वागतो, आणि म्हणून सहसा वाचतो. थायलंडची गोष्ट निराळी. तिथे नमस्कार आहे, गुरू आहे, गणपती आहे, उंबरठा आहे, पायाने पुस्तकाला स्पर्श झाला तर चुकल्यासारखं वाटणं आहे. ठेच लागते ती अशाच सपाट दिसणाऱ्या वाटेवर.

शब्दांपासूनच सुरुवात करू, कारण फसगत तिथूनच सुरू होते. 'कासेत्सात' कानाला परकं लागतं, पण उकललं की घरचं निघतं. कासेत म्हणजे क्षेत्र, सात म्हणजे शास्त्र. आपलं 'शेत' हेही त्याच क्षेत्राचं लेकरू; म्हणजे अकोला काय आणि कासेत्सात काय, पाटीवरचं नाव एकच. १९४३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या बोधचिन्हावर नागावर स्वार झालेला वरुण आहे. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून मोठ्या झालेल्या पोराला हे चिन्ह कुणी समजावून सांगायला नको. प्राध्यापक म्हणजे 'आचान', आपला आचार्य. शाळेतला शिक्षक 'ख्रू', म्हणजे गुरू. माफी मागायची तर 'खो थोत', म्हणजे चक्क 'दोष मागतो'. (हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. आपण क्षमा मागतो, ते दोष मागून घेतात.) पण 'महावित्थयालाय' म्हणजे महाविद्यालय नव्हे, विद्यापीठ. आपण ज्याला महाविद्यालय म्हणतो ते तिथे नुसतं 'वित्थयालाय'. शब्द ओळखीचा निघाला म्हणून अर्थही ओळखीचा निघेल या भरवशावर राहू नये, आणि हेच हात जोडण्याला लागू आहे.

तिथल्या नमस्काराला 'वाय' म्हणतात. आपल्या नमस्काराला फार तर दोन मापं असतात: हात जोडणे आणि पाया पडणे. वायला त्याहून जास्त आहेत, आणि ती अंगठा कुठे टेकतो यावर ठरतात. बरोबरीच्या माणसाला हात छातीशी. वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाला अंगठे हनुवटीपाशी, म्हणजे बोटांची टोकं नाकाच्या शेंड्याला येतात. आईवडील आणि शिक्षक यांना अंगठे नाकापाशी, बोटांची टोकं भुवयांच्या मध्ये. भिक्षू आणि बुद्धमूर्तीपुढे अंगठे भुवयांमध्ये आणि बोटं केसांच्या कडेला. हात जितके वर तितकी मान खाली. दोन्ही एकाच वेळी होतं. विभागप्रमुखांना छातीशी हात धरून नमस्कार करणारा आपला मुलगा त्यांना, अजाणता का होईना, वर्गमित्र समजला होता.

दुसरी गोष्ट, सुरुवात लहानाने करायची. मोठ्याने आधी हात जोडले तर लहान माणूस ओशाळतो. त्यामुळे दुकानदाराला, वाढणाऱ्या बाईंना, मुलांना आपण होऊन वाय करायची गरज नसते. त्यांनी केला तर मान हलवून हसलं की झालं. इथे वऱ्हाडी मन जरा अडखळेल. आपल्याकडे लहानथोर न बघता सगळ्यांना हात जोडणारा माणूस मोठ्या मनाचा ठरतो, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत. तिथे तोच माणूस समोरच्याला कोड्यात टाकतो. आणि भिक्षूंना वाय केला तर त्यांनी उलट हात जोडावेत अशी अपेक्षा ठेवू नये. ते जोडत नाहीत; तो त्यांचा उद्धटपणा नव्हे, त्यांचा नियम आहे.

हात जोडताना म्हणायचं 'सवत्दी'. हा स्वस्तीपासून घडवलेला शब्द आहे आणि वाटतो तितका जुना नाही. १९३० च्या दशकात चुलालोंगकोर्न विद्यापीठातले भाषापंडित फ्रया उपाकित सिल्पसान यांनी तो रूढ केला आणि १९४३ साली सरकारने त्याला अधिकृत अभिवादन ठरवलं. त्याआधी लोक एकमेकांना काय म्हणत होते? 'कुठे निघालात?' आणि 'जेवलात का?' आजही म्हणतात. दर्यापूरच्या पोराला इथे मात्र काही शिकावं लागत नाही. "कुठी चालला?" आणि "जेवला काय?" या दोन प्रश्नांवर त्याच्या गावाचा अर्धा दिवस चालतो, आणि या प्रश्नांना खरं उत्तर द्यायचं नसतं हेही त्याला ठाऊक असतं.

सवत्दीच्या शेवटी पुरुषाने 'ख्रप' जोडायचं, बाईने 'खा'. समोर कोण आहे याचा इथे संबंध नाही. बोलणारा कोण यावर शब्द ठरतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांचा इथे गोंधळ उडतो. मराठी माणसाचा उडू नये, कारण 'मी करतो' आणि 'मी करते' हा फरक आपणही स्वतःकडेच बघून करतो.

आता शरीराकडे वळू. थाई शिष्टाचाराचा मोठा भाग एका वाक्यात बसतो: डोकं सगळ्यांत वर, पाय सगळ्यांत खाली, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. हे आपल्यालाही पटतं. पायाने वस्तू सरकवणं, ताणलेले पाय वडीलधाऱ्यांकडे करून बसणं, उंबरठ्यावर पाय देऊन उभं राहणं, हे वऱ्हाडातल्या आजीलाही खपत नाही. तिथल्या देवळाच्या उंबरठ्यावरही पाय देत नाहीत, ओलांडून जातात. घरात जाताना चपला बाहेर. पुस्तकावरून ओलांडून जायचं नाही. इथपर्यंत सगळं बिनचूक जमतं.

फरक पडतो तो डोक्याच्या बाबतीत. आपल्याकडे डोक्याला हात लावणं हा मायेचा हक्क आहे. आत्याबाई आल्या की गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडतात, मास्तर टपली मारतात, वसतिगृहात मित्र मित्राचे केस विस्कटतो. तिथे घरचं मोठं माणूस लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवेल, पण वर्गमित्राच्या डोक्याला गमतीनेही हात लावू नये. त्याच्या डोक्यावरून हात लांबवून फळीवरची वही काढायची असेल तरी आधी 'खो थोत' म्हणावं. बसलेल्या आचानांसमोरून जायचं असेल तर पाठ वाकवून, आपलं डोकं त्यांच्याहून खाली ठेवून जातात. पहिल्यांदा हे पाहिलं की आपल्याला ते फार लाचार वाटतं, जुन्या दरबारातल्यासारखं. माझंही तेच मत झालं असतं. पण मंगल कार्यालयात पंगतीपुढून जाताना आपली म्हातारी माणसं पदर-धोतर आवरून, अंग चोरून जातात ते आठवलं, आणि मत पुढे ढकललं.

पायाचंही असंच. आपला पाय चुकून कुणाला लागला तर आपण झटकन त्याच्या अंगाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला किंवा छातीला लावतो. थाई माणसाला हा विधी माहीत नाही. त्याला एवढंच दिसतं की आधी पाय लागला आणि वरून हात लागला. तिथे वाय करून 'खो थोत' म्हटलं की पुरे.

देवळात बसण्याचीही पद्धत आहे. दोन्ही पाय दुमडून एका बाजूला घ्यायचे, तळवे मागे, बुद्धमूर्तीकडे पाऊल येता कामा नये. याला 'फाप फियाप' म्हणतात. मांडी घालून तासभर कीर्तन ऐकलेल्या माणसाचेही दहा मिनिटांत पाय भरून येतात. मग सावकाश बाजू बदलावी, पुढे मात्र पसरू नयेत.

देवळाचा विषय वऱ्हाडी वाचकासाठी साधा नाही. अकोला-अमरावतीतून परदेशी निघालेल्या मुलामुलींत १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या घरांतले अनेक जण असतात. त्यांना थाई विहारात शिरताच एक विलक्षण अनुभव येतो: त्रिशरण आणि पंचशील ऐकू येतं, पाली शब्द तेच, चाल वेगळी. आईच्या मांडीवर शिकलेलं वंदन हजारो मैलांवर परक्या तोंडून ऐकणं काय असतं, हे ज्याने ऐकलं त्यालाच कळेल. आणि लगेच दुसरा धक्का बसतो. त्याच आवारात चार तोंडांचा ब्रह्मा असतो, गणपती असतो, ताईत विकायला असतात. बाहेर खांबावर भूमीच्या देवाचं छोटंसं घर असतं आणि त्यापुढे लाल सरबताची बाटली, नळी घालून ठेवलेली. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा ज्या घरात भिंतीवर लावलेल्या, तिथून आलेल्याला प्रश्न पडतो, हा कसला बौद्ध धम्म? प्रश्न रास्त आहे. तो मनात ठेवावा, ग्रंथालयात न्यावा, ओळख मुरल्यावर एखाद्या जाणत्या भिक्षूंना जरूर विचारावा. पण पूजा चालू असताना तिथे उभं राहून वाद घालू नये. आणि हिंदू घरातल्यांनीही 'हा तर आमचाच गणपती' म्हणून पुढे सरसावू नये. तिथल्या सिल्पाकोर्न या कलेच्या विद्यापीठाचं बोधचिन्हच गणपती आहे; तो आता त्यांचाही आहे, त्यांच्या रीतीने.

भिक्षूंच्या बाबतीत एक नियम मुलींनी पक्का लक्षात ठेवावा. बाईने भिक्षूंना स्पर्श करायचा नाही आणि त्यांच्या हातात थेट वस्तूही द्यायची नाही. भिक्षू कापड पसरतात, त्यावर वस्तू ठेवायची, नाही तर एखाद्या पुरुषाच्या हातून द्यायची. बसमध्ये भिक्षूंच्या शेजारची जागा रिकामी दिसली तरी मुलीने तिथे बसायचं नाही. आपल्याकडे विहारात भंतेजींशी वागणं पुष्कळ ठिकाणी मोकळं असतं, म्हणून हे खटकू शकतं. खटकलं तरी पाळावं. कारण चूक आपली झाली तरी मनस्ताप त्या भिक्षूला होतो. बुद्धमूर्तीवर हात टाकून, तिच्याकडे पाठ करून छायाचित्रं काढू नयेत. मूर्ती देशाबाहेर न्यायची तर तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते.

अर्ज भरताना आणखी एक गंमत होते. साल बौद्ध शकात लिहावं लागतं, म्हणजे इसवी सनात ५४३ मिळवायचे. २००३ साली जन्मलेला मुलगा तिथे २५४६ चा होतो. आपल्याकडे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची अडीच हजार वर्षं १९५६ साली साजरी झाली, थायलंडात १९५७ साली. एका वर्षाचा हा फरक मोजण्याच्या रीतीतला आहे. त्यावरून कार्यालयातल्या कारकुनाशी हुज्जत घालू नये.

वर्गाच्या शिष्टाचारात सगळ्यांत देखणा विधी म्हणजे 'वाय ख्रू', गुरुपूजन. सत्राच्या सुरुवातीला एका गुरुवारी तो होतो. गुरुवारच का? त्यांच्या भाषेतही तो बृहस्पतीचा वार. विद्यार्थी फुलांची तबकं घेऊन येतात, आणि परंपरेने त्यात काय असतं पाहा. एक, सुईसारख्या कळ्यांचं खेम नावाचं फूल: बुद्धी तशी टोकदार व्हावी. दोन, वांग्याचं फूल: ते नेहमी खाली मान घालून असतं, तशी नम्रता यावी. तीन, या फ्रेक नावाचं गवत: पाऊस पडला की भराभर पसरतं, तसं ज्ञान पसरावं. हे गवत म्हणजे दुसरं काही नसून आपली दूर्वा. अकोल्याच्या पदवीधराला दूर्वा म्हणजे हरळी, कपाशीतलं हट्टी तण, खुरपून खुरपून कंबर मोडणारं. तीच इथे तबकात बसून गुरूपुढे जाते. वांग्याच्या फुलाकडे तर वऱ्हाडातल्या कुणी नम्रतेसाठी कधी पाहिलं नसेल. आपलं लक्ष थेट भरताकडे.

पदवीच्या विद्यार्थ्यांना गणवेश असतो: पांढरा सदरा, काळी किंवा गडद विजार अथवा स्कर्ट, विद्यापीठाच्या बिल्ल्याचा पट्टा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सूट असते, पण कार्यालयात किंवा परीक्षेला जाताना 'सुफाप' कपडे हवेत, म्हणजे नीटनेटके. चड्डी आणि रबरी चप्पल घालून शिक्का मारून घ्यायला गेलात तर काम होईल, पण उद्या.

वरच्या वर्गातल्या मुलांना 'फी' म्हणायचं, खालच्यांना 'नोंग', म्हणजे दादा-ताई आणि लहान भावंड. भाऊ आणि ताईशिवाय हाक न मारणाऱ्या आपल्या मुलखाला हे सोपं. नवागतांच्या स्वागताचे कार्यक्रम होतात, त्यात ज्येष्ठांचा वचक असतो आणि कधी तो हद्द ओलांडतो. यावर तिथल्या विद्यार्थ्यांतच मोठा वाद आहे. आपल्याकडे महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच केला. परदेशी विद्यार्थ्यावर अशा कार्यक्रमांची सक्ती नसते. नको असेल तर हसून, हात जोडून नाही म्हणावं.

पण कसं म्हणावं? इथे आपण सगळ्यांत अवघड जागी येतो.

थाई भाषेत 'क्रेंगचाय' नावाचा शब्द आहे. (यातल्या चायचा चहाशी संबंध नाही, चाय म्हणजे मन.) समोरच्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये, अडचण होऊ नये, त्याला नाही म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून स्वतःला आवरणं म्हणजे क्रेंगचाय. मराठीत याला सगळ्यांत जवळचा शब्द आहे भीड. पण मराठी माणसाचं भिडेबद्दलचं मत काय आहे? भीड ही भिकेची बहीण. आपण मुलांना लहानपणापासून भीड सोडायला शिकवतो, भीडभाड न ठेवता बोलणाऱ्याचं कौतुक करतो. वऱ्हाडात तर हे जरा अधिकच. "तोंडावर बोलतो, पण मनात काही ठेवत नाही" हे आपल्याकडचं प्रशस्तिपत्र. थायलंडात मनात ठेवणं हीच सभ्यता आहे आणि तोंडावर बोलणाऱ्याला स्वतःला आवरता न आलेला समजतात.

याचे परिणाम रोजचे असतात. समजा आपला मुलगा रात्री अकरा वाजता गॅलरीत उभा राहून गावी बोलतो आहे. आवाज वऱ्हाडी, एका वावरातून दुसऱ्या वावरात पोचणारा. शेजारच्या खोलीतला थाई मुलगा दार वाजवणार नाही. आठवडाभर काही बोलणार नाही. फार झालं तर एक दिवस गोड हसून विचारेल, "काल घरी सगळं ठीक होतं ना?" आपल्याला वाटेल, किती काळजी करतो बिचारा. ती तक्रार होती.

किंवा आचान प्रयोगाची वही चाळून म्हणतात, "छान आहे. आणखी एकदा करून पाहायला हरकत नाही." आपण 'छान आहे' ऐकतो. त्यांनी 'पुन्हा करा' म्हटलेलं असतं. तुमच्या विनंतीला कुणी 'बघतो' म्हटलं, किंवा नुसतं 'ख्रप, ख्रप' म्हणत राहिलं, तर त्याचा अर्थ होकार नव्हे, ऐकतो आहे इतकाच. खरं सांगायचं तर हा प्रकार आपल्यालाही अगदीच परका नाही. मुलगी पाहून आल्यावर 'कळवतो' म्हणणारी मंडळी काय कळवणार असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त आपण ती भाषा सोयरिकीपुरती राखून ठेवली, त्यांनी ती सगळ्या दिवसाला लावली.

म्हणून आचानांची चूक भर वर्गात दाखवू नये. तास संपल्यावर एकटे असताना, प्रश्नाच्या रूपात विचारावी. ते ऐकतात, मान्यही करतात. गटात काम करताना थाई जोडीदार गप्प असेल तर त्याला मत नाही असं समजू नये. त्याला बोलायला जागा करून द्यावी, आणि ती जागा शांततेने होते. आपला मुलगा मोकळी जागा दिसली की बोलून भरतो. आवाज चढवून भांडण जिंकणारा तिथे भांडण हरतो, कारण ज्याने स्वतःचा तोल घालवला त्याचीच मान खाली गेली असं समजतात. अशा वेळी लोक 'माय पेन राय' म्हणतात, म्हणजे 'काही नाही, चालायचंच'. ते कधी खरं असतं, कधी पडदा असतो. कोणतं कधी, हे कळायला दोन सत्रं जातात आणि त्याला पुस्तक उपयोगी नाही.

जेवणाचं मात्र पुस्तकातून सांगता येईल. ताटात चमचा आणि काटा मिळतो. काट्याने घास चमच्यावर ढकलायचा आणि चमचा तोंडात घालायचा. काटा तोंडात घालत नाहीत. काड्या बहुतेक फक्त नूडल्ससाठी. चिकट भात मात्र हाताने, चिमटीत गोळा करून. मधल्या भाज्या सगळ्यांच्या, त्यांतून एका वेळी एकच चमचा घ्यायचा. पातेलं आपल्याकडे ओढून घेऊ नये. शाकाहारी असाल तर 'मंगसविरत' हा शब्द पाठ करा: मांस आणि विरती, अगदी उघड संस्कृत. 'चे' म्हटलं तर त्याहून कडक, कांदा-लसूणही वर्ज्य, अशा दुकानांवर पिवळे झेंडे दिसतात. पण माशाचं पाणी, नाम प्ला, हे तिथे मिठाच्या जागी असतं आणि कुणालाही ते मांसाहार वाटत नाही. तेव्हा 'नाम प्ला नको' हे वेगळं सांगावं लागतं. कच्च्या पपईचा सोम तम समोर खलात कुटून देतात. ठेचा खाल्लेला वऱ्हाडी गडी छाती पुढे काढून तिखट मागतो. त्याची छाती पुढच्या पाच मिनिटांत मूळ जागी येते. शिवाय त्यात सुकी कोळंबी असते.

राजघराण्याबद्दल थोडक्यात आणि गंभीरपणे. तिथल्या दंडसंहितेच्या ११२ व्या कलमाखाली राजा, राणी, युवराज यांच्या अवमानाला प्रत्येक गुन्ह्यागणिक ३ ते १५ वर्षं कैद आहे, आणि परदेशी माणसाला त्यातून सूट नाही. चहाच्या टपरीवर पंतप्रधानापासून सरपंचापर्यंत सगळ्यांची सालं काढणाऱ्या मुलखातून गेलेल्याने हा विषय बोलण्यात नाही, विनोदात नाही, मोबाइलवर पुढे पाठवण्यातही नाही, असा पूर्ण बंद ठेवावा. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता राष्ट्रगीत लागतं तेव्हा जिथे असाल तिथे थांबावं. नोट खाली पडून उडू लागली तर तिच्यावर पाय देऊन अडवू नये. तिच्यावर राजाचं चित्र आहे.

नावांचं एक राहिलं. वऱ्हाडात माणूस आडनावाने ओळखला जातो. "देशमुख, इकडे या," "काय म्हनते ठाकरे?" थायलंडात आडनावं कायद्याने आली ती १९१३ साली आणि ती अजून कागदावरच आहेत, पंतप्रधानालाही लोक पहिल्या नावाने ओळखतात. आचानांना आचान आणि पुढे त्यांचं पहिलं नाव. मित्रांची टोपणनावं एका अक्षराची, आणि अर्थाने डुक्कर, पक्षी, बारका अशी काहीही. बाळ्या, गुड्डू आणि पिंट्या यांच्या देशातून आलेल्याने हसायचं कारण नाही.

आता पारडं उलटं करून पाहू. समजा कासेत्सातची एक विद्यार्थिनी अकोल्याला आली, कपाशीवरचं काही शिकायला. तिच्या हातात कुणी असं प्रकरण ठेवणार आहे का? ठेवलं तर त्यात काय लिहाल? अनोळखी बाया तुझ्या गालावरून हात फिरवतील, डोक्यावर हात ठेवतील, तो अपमान नाही. पहिल्या भेटीत लग्न झालं का, बापाचं वावर किती एकर, हे विचारतील. त्याचं तिला फार वाटणार नाही, तिच्याकडेही विचारतात. समोरासमोर दोन माणसं ओरडत असतील तर भांडण असेलच असं नाही. बहुधा गप्पा असतील. 'थांब न, जेवून जाजो' हे कधी खरं आणि कधी सोपस्कार, हे ओळखायला तिलाही दोन सत्रं लागतील.

आणि पंगत. मे महिना, बाहेर ४४ अंश, मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न. ती आजीबाईंना बघून अंगठे नाकाशी नेऊन, मान झुकवून वाय करते. आजीबाई तिचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन खाली ओढतात आणि तिला पानावर बसवतात. वाढपी येतो. क्रेंगचायच्या नियमाने ती पहिल्या पुरणपोळीला नको म्हणते, म्हणजे घेते. दुसरीला खरंच नको म्हणते. "काहून लाजून राहिली वं बाई?" म्हणत वाढपी ती वाढतो आणि वर तुपाची धार सोडतो. तिसरीच्या वेळी शेजारची मुलगी तिला वऱ्हाडी शिष्टाचाराचा पहिला धडा देते: तोंडाने नाही म्हणू नको, पानावर आडवी हो. ती दोन्ही हात पानावर पसरते. वाढपी क्षणभर थांबतो, हसतो, आणि तिच्या बोटांच्या फटीतून अर्धी पोळी खाली सरकवतो.